बाजूच्या सीटची हजेरी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि बजावून सांगितलं, ‘अमेरिकेतली थंडी, तिकडची दिवाळी हे काही नको. तू रोज जे काम करतोस त्यातलं सांग, आणि आम्हाला कळेल असं सांग.’ म्हणून मी आज मोटारीतल्या एका सीटबद्दल बोलणार आहे. ड्रायव्हरच्या शेजारची सीट. तिच्यात एक सेन्सर असतो, आणि तो बिघडला की काय होतं, एवढाच विषय.

हा विषय निवडायला आणखी एक कारण झालं. आपल्यापैकी तिघांची मुलं आज अमेरिकेत आहेत आणि त्यातल्या दोघांनी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतलीय. वीस वर्षांपूर्वी जी गाडी फक्त पोस्टरवर दिसायची ती आता आठ-दहा हजार डॉलरमध्ये मिळते, तेव्हा पोरं घेणारच. काल रात्री जेवताना एकानं मला विचारलं, ‘पोराच्या गाडीत एअरबॅगचा दिवा सारखा पेटतो म्हणतो. काढून टाकला तर चालेल का रे?’ दिवा काढणं सोपं आहे. पण तो कशासाठी बसवलाय हे आधी पाहू.

मी मिशिगनमध्ये मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं तपासणीचं काम केलं. सीटवर कोण बसलंय हे सीटला कळतं की नाही, हे पाहणं माझं काम होतं. शाळेच्या भाषेत सांगायचं तर सीट हजेरी बरोबर घेते का, हे मी तपासायचो.

आधी एअरबॅगबद्दल थोडं. आपल्याला आठवीत जडत्व शिकवलं होतं. एस.टी.नं घाटात करकचून ब्रेक मारला की आपण पुढच्या दांड्यावर आपटायचो, तेच जडत्व. गाडी थांबते, आपण थांबत नाही. धडक बसल्यावर माणूस पुढे जायच्या आत पिशवी फुगलेली असावी लागते. त्यासाठी वेळ मिळतो सेकंदाच्या हजार भागांतले साधारण तीस ते पन्नास भाग. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात फुगायचं म्हणजे पिशवी ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर येते. पट्टा लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसापाशी ती पूर्ण फुगून पोचते, तेव्हा ती उशी असते. पण जो डॅशबोर्डच्या अगदी जवळ आहे त्याला ती फुगता फुगताच लागते. तेव्हा ती उशी नसते, तो तडाखा असतो. शेजारच्या सीटची पिशवी तर ड्रायव्हरच्या पिशवीपेक्षा बरीच मोठी असते, कारण तिला जास्त अंतर भरून काढायचं असतं.

अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाच्या गृहस्थांना अशा पिशवीचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. ती रोजच्या वापरात यायला पुढे कित्येक वर्षं गेली. गंमत अशी, की ड्रायव्हर आणि शेजारचा या दोघांनाही पिशवी सरसकट देणारी अमेरिकेतली पहिली गाडी एक स्पोर्ट्स कारच होती, १९८७ ची पोर्शे ९४४ टर्बो. मग १९९१ मध्ये तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर १९९७ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत पुढे दोन्हीकडे एअरबॅग सक्तीची झाली.

याच काळात एक भयंकर गोष्ट ध्यानात यायला लागली. साध्या, कमी वेगाच्या धडकेत, जिथे एरवी खरचटण्यापलीकडे काही झालं नसतं तिथे, पुढच्या सीटवरची लहान मुलं एअरबॅगच्या तडाख्यानं दगावत होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या हिशेबानं १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळे २९० पेक्षा जास्त माणसं गेली. त्यांत शेजारच्या सीटवर बसलेले जे होते, त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं आणि तान्ही बाळं होती. बहुतेकांना पट्टा नव्हता किंवा तो नीट लावलेला नव्हता. काही बाळं मागे तोंड करून बसवायच्या खुर्चीत होती. त्या खुर्चीची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकते, म्हणजे बाळाचं डोकं पिशवीच्या दारातच.

यावर पहिला उपाय म्हणजे मुलांना मागे बसवा. पण ज्या गाडीला मागची सीटच नाही तिथे काय करायचं? म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेनं अशा गाड्यांना शेजारची एअरबॅग किल्लीनं बंद करायची कळ द्यायला परवानगी दिली. माझदाच्या मियाटासारख्या गाडीत त्या काळी अशी कळ असायची. कळीची अडचण तुम्हाला सांगायला नको. मूल बसलं की बंद करायची आणि मोठं माणूस बसलं की चालू करायची, हे लक्षात ठेवायला लागतं. घरून निघताना गॅस बंद केला की नाही हे न आठवणारी आपण माणसं.

म्हणून मे २००० मध्ये नवा नियम आला आणि २००३ ते २००६ या तीन वर्षांत तो टप्प्याटप्प्यानं सगळ्या गाड्यांना लागू झाला. कंपन्यांना पर्याय दिले होते. बहुतेकांनी जो निवडला तो असा, की शेजारी कोण बसलंय हे गाडीनं स्वतः ओळखायचं, मूल असेल तर पिशवी आपोआप बंद ठेवायची आणि तसं सांगणारा पिवळा दिवा समोर लावायचा. त्यावर लिहिलेलं असतं, पॅसेंजर एअरबॅग ऑफ. आमचं काम तेव्हापासून सुरू झालं.

आता सीट हजेरी कशी घेते ते सांगतो. चार पद्धती जास्त चालल्या. पहिलीत गादीच्या कापडाखाली प्लॅस्टिकची एक पातळ चटई असते. तिच्यावर चांदी मिसळलेल्या शाईनं बारीक रेघा छापलेल्या असतात आणि जागोजागी दाब ओळखणारे ठिपके असतात. कुठल्या ठिपक्यावर किती दाब आला यावरून बसणाऱ्याच्या बुडाचा नकाशा तयार होतो. हसू नका, आमच्या धंद्यात याचा फार गंभीरपणे अभ्यास होतो! दुसऱ्या पद्धतीत गादीखाली द्रवानं भरलेली चपटी पिशवी असते आणि तिच्यातला दाब मोजला जातो. तिसरीत सीटच्या चार पायांपाशी वजन मोजणारे सेन्सर असतात, दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतात तसे. चौथीत सीट बारीकसं विद्युत क्षेत्र तयार करते. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, त्यामुळे माणूस बसला की ते क्षेत्र बदलतं.

परीक्षेला आमच्याकडे एक वर्षाच्या, तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलांचे पुतळे असायचे आणि एक लहानखुऱ्या बाईचा पुतळा. सहा वर्षांच्या पुतळ्याचं वजन साधारण २३ किलो, बाईचं ४९. मूल बसलं की पिशवी बंद, बाई बसली की चालू, हे जमायला हवं. कागदावर सोपं वाटतं. पण बाई खरी असली की ती पुतळ्यासारखी बसत नाही. एक पाय मांडीखाली घेते, दाराला टेकते, पर्स मांडीवर ठेवते, पाय लांब करून पुढे घसरते. तिचं थोडं वजन दारावर जातं, थोडं तळव्यांवर, आणि सीटला वाटतं की मूल बसलंय. आपल्या आया, मावश्या, कितीतरी जणी पंचेचाळीस किलोच्या आतबाहेर. त्या आणि सातवी-आठवीतला पोरगा यांच्यात सीटला फारसा फरक दिसत नाही. ही सीमारेषाच नाजूक आहे, आणि ती सांभाळणारी वस्तू गादीच्या आत दडलेली असते.

आता जुन्या स्पोर्ट्स कारकडे येतो.

साध्या मोटारीच्या सीटवर आपण बसतो. स्पोर्ट्स कारच्या सीटमध्ये आपण पडतो. ती जमिनीपासून हातभर वर, कडा उंच, गादी पातळ. आत जाताना माणूस आधी हात टेकतो, मग गुडघा, मग सगळं अंग सोडतो. बाहेर येताना त्याच जागी पुन्हा जोर. इस्त्रीची वायर जिथे वाकते तिथेच तुटते हे आपण घरोघरी पाहिलंय. तसं चटईवरच्या छापील रेघांचं होतं. वीस वर्षं एकाच जागी वाकून वाकून त्यांना केसासारख्या चिरा जातात. चीर आधी कधी जोडलेली, कधी सुटलेली असते. म्हणून दिवा थंडीत लागतो, उन्हात विझतो, आणि गॅरेजमध्ये नेलं की हमखास विझलेला असतो.

दुसरं कारण पाणी. छत उघडणारी गाडी कधी ना कधी पावसात सापडते, किंवा जुन्या छताच्या रबरातून पाणी झिरपतं. सीटखाली वायरींचे जोड असतात. एअरबॅगच्या जोडांचा रंग बहुधा पिवळा असतो. त्यांच्या पिनांवर गंज धरतो. सीट पुढे-मागे सरकवली की त्या वायरी ओढल्या जातात, ते आणखी एक. विद्युत क्षेत्राची पद्धत असेल तर नुसती गादी भिजली तरी तिचा गोंधळ होतो.

तिसरं कारण बॅटरी. अशा गाड्या मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळाभर झाकून ठेवतात. वसंतात पहिल्यांदा चालू करताना बॅटरी अर्धमेली असते, आणि कमी व्होल्टेजमुळे एअरबॅगचा कॉम्प्युटर भलतीच तक्रार नोंदवून ठेवतो.

आणि चौथं कारण आपणच. गादी धुवायला पाण्याचा फवारा मारणं, सीट काढून दुसरी बसवणं, चामडं फाटलं म्हणून कारागिराकडून नवं चढवून घेणं, गादीवर गादी घालणं. वजनाचा किंवा दाबाचा सेन्सर रिकाम्या सीटला शून्य मानून शिकवलेला असतो. सीट उघडली की ते शून्य पुन्हा शिकवावं लागतं. ते न करता सीट परत बसवली की हजेरी चुकणारच.

म्हणजे बघा, ज्या गाडीत मुलाला मागे बसवायची सोयच नाही, त्याच गाडीत या सेन्सरवर सगळा भार, आणि त्याच गाडीत त्याचे सगळ्यात जास्त हाल.

हा दोष फक्त जुन्या गाड्यांचा आहे असं समजू नका. २०१६ मध्ये निस्साननं अमेरिकेत एकतीस लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण शेजारी बसलेलं मोठं माणूस सीटला मूल वाटण्याची किंवा सीट रिकामी वाटण्याची शक्यता होती. २०२३ च्या अखेरीस टोयोटानं सुमारे दहा लाख आणि २०२४ च्या सुरुवातीला होंडानं साडेसात लाख गाड्या याच सेन्सरसाठी परत बोलावल्या. आजच्या कारखान्यातून आलेल्या सेन्सरची ही कथा, तर वीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या सेन्सरला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बिघडल्यावर गाडी काय करते? सेन्सरकडून येणाऱ्या खबरीवर विश्वास बसेना, की कॉम्प्युटर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लावतो. तो बहुधा लाल असतो. सेन्सर चुकलाय हे कळलं तरी पिशवी चालू ठेवायची की बंद, हे गाडी बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. २००० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर फक्त कोणी बसलंय की नाही एवढंच पाहायचा, आणि शंका आली तर बसलंय असं मानायचा. नंतरच्या नियमाच्या गाड्यांत सहसा उलटं असतं. शंका आली की पिशवी बंद आणि पिवळा दिवा चालू. काही गाड्यांत त्याबरोबर पट्टा खेचून घट्ट करणारी यंत्रणाही बंद पडते. तुमच्या गाडीत काय होतं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक वाचणारा मालक मला बावीस वर्षांत फार क्वचित भेटला.

आता एक उदाहरण सांगतो. आमच्याच गल्लीतलं एक जोडपं. तो निवृत्त पोस्टमन, ती शाळेत ग्रंथपाल होती. दोघं सत्तरीच्या आसपास. त्यांनी हौसेनं २००६ ची दोन सीटची, उघड्या छताची गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. तो चालवणार, ती शेजारी. ती बावन्न किलोची. ती बसली की पिवळा दिवा लागायचा आणि लालही. म्हणजे धडक बसली तर त्याची पिशवी फुगणार, तिची नाही. ती त्याला म्हणाली, ‘गाडीच्या लेखी मी इथे नाहीच.’

आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकनं गाडी घेतली आणि मी सोबत होतो. त्यानं आधी बॅटरी तपासली. ती खरंच अशक्त होती, बदलली. दिवा तसाच. मग बॅटरी सोडून, पुस्तकात सांगितलेला वेळ थांबून, सीटखालचा जोड उघडला आणि साफ केला. हे थांबणं फार महत्त्वाचं. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये काही वेळ वीज साठलेली असते. आणि पिशवीच्या वायरींना साधा मीटर लावायचा नाही, कारण मीटरच्या बारीकशा विजेनंही ती उडायची भीती असते. जोड साफ केला तरी दिवा तसाच. मग गाडीला स्कॅनर जोडून तिला सीटवर बसवलं. सीट काय समजतेय हे स्कॅनरवर दिसतं. तिथे लिहून आलं, रिकामी. तिला डावीकडे सरकायला सांगितलं, तरी रिकामी. उजवीकडे सरकल्यावर एक क्षण काहीतरी हललं. चटईचा अर्धा भाग मेला होता.

शोरूमनं सोळाशे डॉलर सांगितले. तेव्हा त्याच्या एका मित्रानं सुचवलं, की साठ डॉलरची एक छोटी डबी मिळते. चटईचा जोड काढायचा आणि त्या जागी ती डबी लावायची. डबी कॉम्प्युटरला सतत सांगत राहते, सीटवर मोठं माणूस बसलंय, सगळं ठीक आहे. दोन्ही दिवे विझतात. बायको बसली तर पिशवीही फुगेल. काम झालं.

मित्रहो, आपल्या वर्गात मागच्या बाकावरून एकाच्या वेळी दुसरा ‘हजर सर’ म्हणायचा. नावं घेत नाही, दोघंही इथे बसलेत! ती डबी तेच करते. सीटवर कोणीही असो, कोणी नसो, ती एकच उत्तर देते. आणि त्या जोडप्याचा सात वर्षांचा नातू उन्हाळ्यात त्याच सीटवर बसायचा. आजीसाठी पिशवी चालू हवी, नातवासाठी बंद हवी. सीट तीच. डबीला आजी आणि नातू यांतला फरक कळत नाही.

तो म्हणाला, ‘नातवाला या गाडीत बसवणारच नाही, मग तर चालेल?’ प्रश्न रास्त होता. मी त्याला विचारलं, ‘गाडी किती वर्षं ठेवणार?’ तो म्हणाला, ‘तीन-चार.’ मग ती गाडी दुसऱ्याकडे जाणार. डबी गादीखाली, दिवे विझलेले, सगळं छान. नव्या मालकाच्या शेजारी कोण बसेल ते आपल्याला माहीत नाही. तो पिवळा दिवा कधीच लागत नाही हे त्याला कशावरून कळणार? मेकॅनिकनं तर डबी लावायला साफ नकार दिला. कायद्यानं बसवलेलं सुरक्षेचं साधन दुरुस्ती करणाऱ्यानं जाणूनबुजून निकामी करायचं नाही असा तिकडे नियमच आहे. पण तो नियमामुळे नको म्हणाला असं मला वाटलं नाही. त्यालाही दोन मुलं आहेत.

शेवटी त्यांनी पूर्ण संच मागवला. चटई, तिच्यावरची गादी आणि छोटा कॉम्प्युटर हे अनेक गाड्यांत एकमेकांशी जुळवून एकत्रच विकतात. सुटा भाग बदलला की जुळणी बिघडते. भंगारातल्या गाडीतली जुनी सीट स्वस्तात मिळत होती, पण तिची चटईही तेवढीच म्हातारी. संच यायला तीन आठवडे लागले. तोवर त्यांनी ती गाडी दोघांसाठी वापरली नाही. संच बसवला, रिकाम्या सीटला शून्य शिकवलं, आणि मग गाडी उभी असतानाच दोघांना पाळीपाळीनं बसवलं. आजी बसली, पिवळा दिवा विझला. ती उतरली, नातू त्याच्या उंच खुर्चीसह बसला, दिवा लागला. आजोबांनी विचारलं, ‘काय म्हणतोय रे दिवा?’ पोरगा हिरमुसून म्हणाला, ‘मी अजून छोटा आहे म्हणतो.’ तिथे तेरा वर्षांखालच्या मुलांना मागे बसवण्याचा सल्ला देतात. म्हणून आजीनं ठरवलं, याला फिरवायचं ते दुसऱ्या गाडीत, मागच्या सीटवर. दिवा दुरुस्त झाल्यावरही तिनं हे ठरवलं, याचं मला फार बरं वाटलं.

ज्यांच्या मुलांकडे अशा गाड्या आहेत त्यांनी एवढं कळवा. किल्ली फिरवली की दोन्ही दिवे काही सेकंद लागून विझायला हवेत. ती त्यांची स्वतःची तपासणी असते. जुनी गाडी घेताना एअरबॅगचा दिवा सुरुवातीला लागलाच नाही, तर खूश होऊ नका. कोणीतरी तो काढलेला असू शकतो. मोठं माणूस शेजारी बसलं असताना पिवळा दिवा लागला, तर त्याला सरळ, मागे टेकून बसायला सांगा, सीटखाली कोंबलेलं सामान काढा, गाडी बंद करून पुन्हा चालू करा. तरी लागला, तर बॅटरी, मग सीटखालचे जोड, मग चटई, या क्रमानं जाणकाराकडून तपासून घ्या. तोवर शेजारी कोणाला बसवू नका. आणि खर्च करण्याआधी गाडीचा नंबर घालून रिकॉल आहे का ते पाहा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे सुमारे पावणेसात कोटी नग अमेरिकेत परत बोलावलेत. उष्णतेनं आणि दमट हवेनं त्यातलं रसायन बिघडतं आणि धातूचे तुकडे उडतात. त्यात जुन्या स्पोर्ट्स कारही आहेत. सेन्सर दुरुस्त करून तशी पिशवी चालू करण्यात शहाणपण नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं, आमच्याकडे कुठे स्पोर्ट्स कार? तर आता आपल्याकडचं सांगतो.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना, आणि ते वर्ष संपेपर्यंत आधीपासून चालू असलेल्या मॉडेलनाही, शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची झाली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपल्या बहुतेक गाड्यांतला सीटचा सेन्सर फक्त पट्ट्याची आठवण करून द्यायला असतो. कोणीतरी बसलंय एवढं त्याला कळतं. मूल की मोठं, हे तो पाहत नाही. म्हणजे आईच्या मांडीवर बाळ घेऊन ती पुढे बसली, तर धडकेत ती पिशवी बाळाच्या डोक्यापाशी फुटणार. काही गाड्यांत ती बंद करायची कळ असते, काहींत नसते. अमेरिकेत तीस वर्षांपूर्वी जे घडलं त्याची सगळी तयारी आपल्या गल्लीत उभी आहे. काल संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी मी मोजलं नाही, पण नातवंडं पुढे घेऊन आलेल्या गाड्या मला दिसल्या.

आणि डबी आपल्याकडेही आहे. पट्ट्याचा भोंगा वाजू नये म्हणून त्या खाचेत अडकवायची क्लिप ऑनलाइन सर्रास मिळायची. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकायला मनाई केली आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवायला लावल्या. तरी ज्यांच्याकडे आधीच आहे ते वापरतातच. पट्टा न लावता एअरबॅगसमोर बसणं म्हणजे पुढे फेकले जाऊन पिशवीच्या तोंडाशी जाणं. भोंगा आपल्याला त्रास द्यायलाच बनवलाय. क्लिप असेल तर आज घरी गेल्यावर काढून टाका.

आपल्याला हजेरी घेणारे सर आज समोरच बसलेत. ते नाव पुकारल्यावर मान वर करून चेहरा पाहायचे, म्हणून त्यांच्या तासाला कोणाची खोटी हजेरी लागली नाही. आपल्या गाड्यांना अजून चेहरा पाहता येत नाही. त्या जुन्या गाडीतली चटई पाहण्याचा प्रयत्न करते, आणि थकली की दिवा लावून तसं सांगते. जिथे चटईच नाही तिथे निघण्याआधी मान वळवून शेजारी पाहणं ड्रायव्हरचं काम. लहान मूल असेल तर त्याला मागे, त्याच्या खुर्चीत, पट्टा लावून. रडलं तरी. आजी म्हणाली ‘असू दे रे, जवळच तर जायचंय’, तरी. कमी वेगाच्या धडका जवळच्याच रस्त्यावर होतात.

परवा आपण सगळे आपापल्या गावी निघणार. कितीतरी जणांच्या गाडीत नातवंडं असतील. निघण्याआधी एवढं एकदा पाहा.

 काही शंका असतील तर मी जेवणाच्या पंगतीत आहेच.